माझा पेला ओळखा

मी गोरी आहे. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, आई गोरी होती म्हणून मी गोरी. पण या कातडीपायी जन्मभर एकच वाक्य ऐकत आले, "अय्या, तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही!" आणि बोलणारीला वाटतं, आपण लय मोठं कौतुक केलं. आमचं घर बौद्ध, माहेर पेडगावचं. 'त्यांच्यातलं' वाटायला नेमकं कसं दिसावं लागतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. काळ्यागोऱ्यावरून जात ताडायची एक म्हणसुद्धा आहे आपल्याकडं. ती इथं लिहून तिचं आयुष्य मी वाढवणार नाही.

जिंतूरच्या पुढं एका गावच्या शाळेवर माझी बदली झाली, तेव्हाची गोष्ट. घर परभणीत आणि लेक दीड वर्षाची. सकाळी निघायचं, जिंतूरपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी. निघताना पोरगी झोपलेली, परत येईस्तोवर पुन्हा पेंगुळलेली. एकदा तर मला बघून तिनं शेजारणीच्या खांद्यात तोंड लपवलं. त्या दिवशी ठरवलं, काही झालं तरी गावातच खोली घ्यायची आणि लेकीला जवळ आणायचं.

शाळेला लागून असलेल्या घरात खोली रिकामी होती. घरची म्हातारी तोंडानं फटकळ, पण मायाळू. मला बघताच म्हणाली, "तुमी खोली बघायलाव म्हनं? मंग हिकडं तिकडं कशाला हिंडायलाव? पोरीलाबी घिऊन या. तुमी शाळंत गेल्यावर मी बघते की तिला. मला तरी दुसरं काय काम हाय?" जात काही तिनं विचारली नाही. मला वाटलं, चला, जग बदललं. कसलं डोंबलाचं बदलतंय! तिनं विचारलं नाही, कारण तिला वाटलं, दिसतंयच की.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी शिक्षिका मुलांची नावं घालून घ्यायला घरोघरी निघालो. दुसरी माझ्याबरोबरच त्या शाळेत आलेली. गावात मोठी म्हणवणाऱ्या जातीतली, रंगानं चांगली काळी, नाकीडोळी देखणी. रोज आम्ही सोबत डबा खायचो आणि माझी कारळाची चटणी ती मागून घ्यायची. तोवर गावात बातमी फिरली होती की नव्या दोन मॅडमपैकी एक जयभीमवाली हाय. कोणती, ते म्हातारीनं आपल्या डोळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

आम्ही तिच्या घरी टेकलो. शेजारच्या दोन-चार बायाही जमल्या. सुनेनं चहा आणला. ताटात स्टीलचे पेले, सगळे एका मापाचे, प्रत्येकावर म्हातारीच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. मला पेला, शेजारणींना पेला. आणि माझ्या मैत्रिणीपुढं कागदी कप.

आमच्या आजासाठी फुटकी बशी असायची, मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला खोचलेली. पिऊन झालं की आपली आपण धुवायची. आता तसं केलं तर केस होते. म्हणून कागदी कप निघाले. पाहुण्याला वाटावी सोय, घरच्यांना माहीत असतं काय ते.

मैत्रिणीला एका नजरेत कळलं. न कळायला काय झालं, तिच्याही घरी तसे कप असतील. तिचं तोंड कडू झालं आणि तिनं सरळ माझ्याकडं बोट केलं. "अहो आजी, मी नाही! ह्या. ह्या मॅडम."

म्हातारी एकदा तिच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. "वाटत न्हाई की गं बाई," ती पुटपुटली. मग माझ्या हातातल्या अर्ध्या पेल्याकडं बघून म्हणाली, "चहा घ्या तुमी. तेवढा पेला मोरीवर इसळून ठिवा म्हंजी झालं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी डळमळले. गुपचूप विसळला असता तर खोली कदाचित मिळालीही असती. लेक जवळ आली असती. पण मग तीच लेक डोळ्यापुढं आली, दिवसभर या ओसरीवर खेळणारी. ही माणसं तिला दूध कशातनं देतील? माझ्या लेकराला कागदी कप? उभ्या जन्मात न्हाई!

मी उरलेला चहा सावकाश प्याले. म्हणाले, "आजी, जात रक्तात असते म्हणतात ना? मग तुम्हाला दिसली कशी नाही? ह्या तुमच्यातल्या, त्यांना कागदी कप दिलात. मला स्टीलचा. तुमचे डोळे चांगले आहेत हो. तिथं बघण्यासारखं काही नाहीच, तर दिसणार काय? म्हणून तर तुम्हाला नाव विचारावं लागतं, गाव विचारावं लागतं."

मग मी उठले. सगळ्या बायांचे रिकामे पेले गोळा केले, त्यात माझा टाकला, ताटात चांगले खळखळ फिरवले आणि ताट म्हातारीपुढं ठेवलं. "घ्या. ओळखा आता, यातला माझा कोणता." एक शेजारीण पदरात फिस्सकन हसली.

खोली गेली, हे सांगायला नकोच. परतीच्या काळीपिवळीत मी रडले, पण रागानं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मैत्रिणीनं नेहमीसारखा चटणीकडं हात केला. मी डबी ओढून घेतली. म्हटलं, "आधी ते कालचं बोट मागं घ्या." तिनं अजून घेतलेलं नाही, चटणी माझी मीच खाते. लेकीला घेऊन मी जिंतूरला आमच्या लोकांत खोली केली. आता रोज संध्याकाळी ती मला बघून धावत येते.

काही दिवसांनी म्हातारीची सून नातवाला शाळेत सोडायला आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "म्याडम, सासूबाईनं समदे पेले राखेनं घासाय लावले. तरी मन मानंना. टाकून द्यावं तर मामंजीचं नाव कोरलेलं. नाव कसं उकिरड्यावर टाकायचं?"

"मग आता?"

"मग काय, पितोत त्यातच."

प्या म्हटलं. रोज सकाळी त्या घरात कोणीतरी माझा पेला तोंडाला लावतंय, आणि कोण, ते त्यांना कधीच कळणार नाही.