मिरचीच्या गोडाऊनातलं कोर्ट

दोंडाईच्याच्या मार्केटात नवल मापाडीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. मिरचीचं पोतं काट्यावर चढायच्या आधी हा अंदाजाने वजन सांगणार, आणि वजनाच्याही आधी बहिणीचं नाव. "दिपमाला मनी बहीन शे. इंडियाकडून बॅडमिंटन खेयस!"

आणि ते काही खोटं नव्हतं. वारा लागत नाही आणि छतही उंच, अशी गावात एकच जागा, प्रेमराजशेठचं मिरचीचं गोडाऊन. हंगाम सरला की ते रिकामं पडायचं. नवलने शेठच्या मागे लागून किल्ली मिळवली, चुन्याने रेघा मारल्या, पोती शिवायच्या सुतळीची जाळी विणली. सात वर्षांची दिपू तिथे शिंकत शिंकत खेळायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण शटलवरची नजर हलायची नाही. तिच्या उठाबशा नवल मोजायचा. झाल्या चाळीस की लोकांना सांगायचा पन्नास.

तेराव्या वर्षी पुण्याच्या बॅडमिंटनच्या सरांनी तिला हेरून आपल्या अकादमीत नेलं. एकविसाव्या वर्षी तिने व्हिएतनामच्या स्पर्धेतून रौप्यपदक आणलं. आहे का हो दुसरी कोणी, धुळ्यापासून जळगावपर्यंत?

पदक घेऊन ती घरी निघाली तेव्हा सरांनी नवललाच फोन केला होता. "पंधरा दिवस पूर्ण आराम. रॅकेटला हात लावायचा नाही. शब्द द्या."

नवलने शब्द दिला, आणि फोन ठेवल्या ठेवल्या सत्काराच्या तयारीला लागला. फेटा, बँड, शाल, सगळं गोडाऊनातच झालं. तेवढ्यात गर्दीतून कोणी ओरडलं, "नवलभाऊ, नुसतीच शाल का? खेय तरी दखाडा!"

"भाऊ, सरनी नही सांगेल शे," दिपू हळूच म्हणाली.

"एक डाव फक्त. बठ्ठा लोके तुले दखाले येल शेतस. मनी मान खाले घालशी का?"

तिने निमूट बुटाच्या नाड्या बांधल्या.

वाळलेली मिरची पोत्यात भरताना तुटू नये म्हणून तिच्यावर पाणी मारतात. त्या सकाळीही हंगामाचा शेवटचा माल भरताना मारलं होतं. गोडाऊनची फरशी ओली होती, वर मिरचीचं बी सांडलेलं. रोज त्याच फरशीवर उभा राहणारा माणूस नवल. त्याला दिसलं नाही असं नाही. त्याने पोतं फिरवून वरवर पुसलं, जाळीपलीकडे एक पोरगा उभा केला, शूटिंगसाठी मोबाईल दुसऱ्याच्या हातात दिला आणि टाळी वाजवली.

चौथ्या शटलला दिपू मागे सरकली, उडाली, आणि खाली आली तेव्हा पाय निसटला. गुडघ्यातला आवाज नवलला दारापर्यंत ऐकू आला.

धुळ्याच्या दवाखान्यात सरांचा फोन आला. दिपूने भावाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सर, बाथरूममध्ये घसरले." नवल कॉटजवळच उभा होता. हात पुढे करून फोन घ्यायचा होता. नाही घेतला. त्या दिवसापासून काट्यावरचा आकडाही तो हळू आवाजात सांगायला लागला.

ऑपरेशन झालं. जळगावला पिंप्राळ्यात कमलबाई मावशीकडे राहून दिपू व्यायामाच्या डॉक्टरांकडे जायला लागली. नवल दर रविवारी रेल्वेने यायचा. पायाला बांधायची वाळूची पिशवी त्यानेच शिवली होती, काट्यावर बरोबर दोन किलो करून. सात महिने झाले, डॉक्टर म्हणाले गुडघा उत्तम भरलाय.

एका रविवारी मावशीने त्याला दारातच अडवलं. "आज तिले काही इचारू नको. सरना फोन उना व्हता."

सर म्हणाले होते, बाथरूममध्ये घसरून गुडघा असा फाटत नाही. जुनं दुखणं असणार, तू ते माझ्यापासून लपवलंस. लपवणाऱ्या खेळाडूवर मी भरवसा कसा ठेवू? शिबिरातली तुझी जागा दुसऱ्या मुलीला देतोय.

"मग खरं का नाही सांगितलंस?" नवलने आत जाऊन दिपूला विचारलंच.

"काय सांगू? तुझ्याकडून शब्द घेतला होता त्यांनी. अख्ख्या मार्केटात सांगत फिरतोस ना, सर मला मानतात म्हणून."

नवलने खिशातून मोबाईल काढला. त्याने तिथेच, तिच्यासमोर, सरांना फोन लावला.

"बोला नवलभाऊ. आज कसली बढाई?"

"सर, जुनं दुखणं नव्हतं. मी खेळवलं तिला. ती नको म्हणत होती. फरशी ओली होती, मला माहीत होतं."



"शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता, सर. माझ्या मोबाईलमध्ये शूटिंग आहे. पाठवतो. मी अजून बघितलेलं नाही."

"पाठवा. आणि पुढच्या सोमवारी तिला घेऊन या. गुडघा मी स्वतः बघतो, मग जागेचं बोलू. तुम्ही मात्र गेटच्या बाहेर थांबायचं."

"थांबतो."

फोन ठेवून तो खाली सतरंजीवर बसला. दिपूकडे बघायची हिंमत होईना. "दिपू, चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

"आयुष्यात पहिल्यांदा एवढं थोडकं बोललास," ती म्हणाली. हसली नाही. जरा वेळाने तिने पाय लांब केला आणि पिशवी त्याच्याकडे सरकवली. "बांध."

त्याने बांधली. ती पाय उचलायला लागली. घाम फुटला, ओठ दाबले गेले, पाय थरथरायला लागला.

"किती झाले?"

वीस म्हणावंसं फार वाटलं त्याला.

"सतरा," नवल म्हणाला.