पांढऱ्या पायाचं कुत्रं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एकदा सांगितलं, ज्याला सांगायला हवं होतं त्यालाच सांगितलं, पण ते सांगणं धरता येत नाही. का, ते पुढे येईलच. आधी तुम्हाला एक विचारतो. सिनेमात माणूस मोटारसायकलवरून पडतो तेव्हा तुम्ही हसता ना? मीही हसायचो. खूप हसायचो.

आम्ही दोघं हसायचो असं म्हणायला हवं. मी आणि निल्या. निलेश त्याचं नाव, पण त्याच्या आईशिवाय त्याला कुणी निलेश म्हणत नाही. तो बदलापूर पूर्वेचा, शिरगावचा. मी पश्चिमेचा, बेलवलीचा. उल्हासनगरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. विहारात कुणी नवीन भेटलं की माझी आई दुसऱ्याच वाक्याला हे सांगते. निल्याच्या घरातही तोच पहिला. त्याच्या आजोबांची भातशेती होती, तिथे आता इमारती आहेत. कॉलेजात आम्ही दोघंही जरा मागे-मागेच असायचो. सरांनी इंग्रजीत काही विचारलं की एकदम खाली बघायचो, आणि खाली बघता बघता एकमेकांकडे बघून हसायचो. मैत्री तिथूनच झाली.

डबा खाताना मोबाईलवर कॉमेडी लावायची. साउथचे डब केलेले सिनेमे, त्यातले मोटारसायकलचे सीन. हीरोचा जाडा मित्र गाडीवरून उडतो, गवताच्या गंजीत डोक्यावर पडतो, उठतो, तोंडातली काडी थुंकतो आणि विचारतो — माझी गाडी कुठाय? एका गाडीवर बसलेले तिघं म्हशीला धडकतात, आणि पुढच्याच सीनमध्ये डोक्याला पट्ट्या बांधून चहा पीत बसलेले असतात. मधलं काही दाखवत नाहीत. मधलं काही असतं, असं आम्हाला तरी कुठे वाटत होतं?

गंमत अशी, की निल्या स्वतः अगदी जपून चालवायचा. त्याचे पप्पा अंबरनाथला कारखान्यात आहेत, वर्षानुवर्षं शिफ्टला गाडीनेच जातात. त्यांनी त्याला शिकवलं होतं — हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लागला पाहिजे, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, खडी दिसली तर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. निल्या गल्लीच्या तोंडाशी दूध आणायला गेला तरी हेल्मेट घालायचा. मागे बसणाऱ्यालाही घालायला लावायचा. मला तो पट्टा कधी नीट लावता आला नाही. मग तोच वळून माझ्या हनुवटीखाली हात घालायचा, आणि टक् असा आवाज आला की म्हणायचा, चल. कॉलेजची पोरं त्याला चिडवायची — आला बघ चंद्रावरून. मीही चिडवायचो. त्याच्याच गाडीवरून उतरून, त्यानेच लावलेला पट्टा सोडवत.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये छोट्या फिल्मची स्पर्धा होती. मी म्हटलं, आपण बनवू. मोटारसायकलची कॉमेडी. आयुष्यात पहिल्यांदा मला कशात तरी पुढे यावंसं वाटलं होतं. गोष्ट सोपी होती : एक पोरगा हीरोगिरी करत गाडी चालवतो, दोन्ही हात सोडून आरशात बघून केस विंचरतो, आणि रेतीच्या ढिगात जाऊन पडतो. पडायचं खरं नव्हतंच. तिथे शूटिंग थांबवायचं, निल्याला ढिगात नेऊन बसवायचं, डोक्यावर रेती टाकायची. गाडीवर तो, मोबाईल माझ्या हातात. तेव्हापासून तो मला डायरेक्टर म्हणतो. अजूनही.

त्यासाठी उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून एक गॉगल घेतला. सोनेरी काड्यांचा, अर्धं तोंड झाकेल एवढा. सिंधी दुकानदार निल्याला म्हणाला, "साईं, एकदम हीरो लगता है." आम्ही तिथेही हसलो.

तो गॉगल हेल्मेटच्या आत बसत नव्हता.

(इथवर लिहून मी उठलो होतो. पाणी प्यायलो, गॅलरीत उभा राहिलो. मग परत आलो.)

रविवारची सकाळ होती. शिरगावच्या नव्या इमारतींमधला रस्ता, काम बंद, रस्त्यावर कुणी नाही. कडेला बांधकामाची खडी सांडलेली. निल्याने ती आधीच बघितली होती आणि मला दाखवलीही होती — तिकडच्या वळणापर्यंत जायचं नाही, अलीकडेच थांबू. पहिल्या दोन वेळा त्याने हेल्मेट घालूनच केलं. मोबाईलमध्ये बघितलं तर मजा येत नव्हती. हेल्मेटमध्ये कोण आहे तेच कळत नव्हतं. मी म्हटलं, काढ ना ते, तोंड दिसू दे. तो नको म्हणाला. मग मी एक वाक्य बोललो. ते मला जसंच्या तसं आठवतं.

"तुला हीरो व्हायचंय का पप्पांचा बाबू?"

तो हसला. पट्टा सोडला — टक् — आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं. गॉगल लावला. पुढच्या वेळी त्याने एक हात सोडला. मी ओरडलो, दोन्ही सोड, दोन्ही. त्याने सोडले. ज्या वळणाच्या अलीकडे थांबायचं ठरलं होतं ते मागे गेलं. मला ते मोबाईलमध्ये दिसत होतं. मी थांब म्हणालो नाही, कारण सीन चांगला येत होता.

तो उडाला नाही. म्हैस नव्हती, गवताची गंजी नव्हती. गाडी खडीवर घसरून आडवी झाली, इतकंच. फार वेगसुद्धा नव्हता. आवाजही एवढासाच झाला. गॉगल बाजूला पडला होता आणि त्याच्यावर एक चरा नव्हता.

मी धावलो. निल्या निपचित होता आणि त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. समोरच्या इमारतीच्या दारात वॉचमन बसला होता, पाठमोरा. हाक मारली असती तर लगेच आला असता. मी हाक मारली नाही. माझ्या हातात हेल्मेट होतं. ते मी आधी पडलेल्या गाडीच्या आरशाला अडकवलं. ते घसरलं, तर पुन्हा नीट अडकवलं. मग हाक मारली.

आधी हेल्मेट, मग हाक. मला सांगायचं होतं ते हे.

घाबरून केलं असं म्हणता येईल का? मी पुष्कळदा म्हणून पाहिलंय. पण घाबरलेला माणूस आधी ओरडतो. मी आधी विचार केला.

वॉचमनने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, कुत्ता आया. पुढे सगळ्यांना तेच सांगितलं. शूटिंगला निघालो होतो, अजून सुरू केलं नव्हतं, कुत्रं आडवं आलं. मोबाईलमध्ये सगळं होतं, माझ्या आवाजासकट. ते मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पुसून टाकलं. निल्याचे पप्पा कामावरून तसेच आले, कारखान्याच्या कपड्यांत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाला, तू व्हतास म्हनून माजा पोऱ्या वाचला."

त्या वेळी तरी बोलायला हवं होतं, नाही का?

निल्या शुद्धीवर आला तेव्हा त्याला ती सकाळ आठवतच नव्हती. त्याला आठवतं ते कॅम्प दोनमधल्या गॉगलपर्यंत, पुढे कोरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कदाचित कधीच आठवणार नाही. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. बाकीचं त्याला मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुत्र्याला लागलं का रे? नाही, पळून गेलं. कसं होतं? तपकिरी. पुढचा एक पाय पांढरा. हा पांढरा पाय मी का घातला, मला माहीत नाही. साधं तपकिरी पुरलं असतं.

त्याचा डावा कान गेला. मान पटकन वळवली की गरगरतं. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे उठून धावायचा. ते संपलं. गाडी पप्पांनी विकून टाकली. एकदा मी त्यांच्या घरी जेवत होतो, त्याच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली होती, तेव्हा पप्पांनी त्याला शांतपणे विचारलं, एवढं शिकवलं होतं, मग हेल्मेट आरशाला का लटकवलंस? निल्याने ताटात बघत भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "स्टाईल मारायला गेलो असेन, पप्पा. चुकलं." मी तिथेच होतो. मी घास गिळला आणि त्याच्या आईने वाढलेली दुसरी भाकरीही खाल्ली.

मागच्या वर्षी कॉलेजात वाहतूक सुरक्षेचा कार्यक्रम झाला. निल्या आपणहून स्टेजवर गेला. "मी हेल्मेट आरशाला लावलं होतं, आरसा एकदम सेफ आहे," असं म्हणाला, आणि पोरं हसली. कुत्र्याचा प्रसंगही त्याने रंगवून सांगितला. त्यानेच आता त्याची कॉमेडी केली आहे. मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

घरी टीव्हीवर गाडीवरून पडायचा सीन लागला की माझी बहीण खिदळते. मी उठून बाहेर जातो. आईला वाटतं, अभ्यासाचं टेन्शन आहे. कॉलेजात आम्ही अजून एका बाकावर बसतो. त्याला ऐकू यावं म्हणून सगळे त्याच्या उजवीकडे येऊन बोलतात. मी डावीकडे बसतो. ही सवय कधी लागली ते माहीत नाही — नाही, माहीत आहे.

मागच्या महिन्यात त्याने मला शिरगावला बोलावलं. त्या वळणाजवळ एका पानटपरीमागे त्याला एक कुत्रं सापडलं होतं. तपकिरी. पुढचा एक पाय पांढरा. तो वर्षभर येता-जाता बघत होता म्हणे. मला सांगितलं नव्हतं, कारण मी हसलो असतो.

"हेच ना?"

मी म्हटलं, हो, हेच.

त्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि उकिडवा बसला. कुत्रं आधी मागे सरलं, मग आलं. त्याने त्याचे चारही पाय हलकेच चाचपून पाहिले. म्हणाला, लंगडत नाही, बरं झालं. मग अगदी हळू, कुत्र्यालाच, "माफ कर रे."

तेव्हा मी बोललो. त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. म्हटलं, कुत्रं नव्हतं, निल्या. मीच काढायला लावलं होतं हेल्मेट. आरशाला मी अडकवलं. सगळं सांगितलं, साध्या आवाजात, शेवटपर्यंत. तो बिस्किटाचे तुकडे करत होता. थोड्या वेळाने त्याने पूर्ण मान माझ्याकडे वळवली — सावकाश, गरगरतं म्हणून.

"काय बोल्लास, डायरेक्टर?"

"काही नाही."

त्याने शेवटचं बिस्कीट माझ्या हातात दिलं. "तू पण दे रे. तू पण होतास ना."

मी उठलो. वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो, तिथे बसलो.

"होतो," मी म्हणालो. हे त्याला ऐकू गेलं. कुत्र्याने माझ्या हातातलं बिस्कीट खाल्लं.