तुळसा एकटी एडनला गेली

कोलशेतच्या मिठागरात राबणाऱ्या बायकांमध्ये तुळसा भोईर सगळ्यांत कमी बोलायची. भित्री नव्हती. भरतीचं पाणी बांध फोडून आत शिरलं की कमरेइतक्या चिखलात उतरून बांध घालणाऱ्यांत ती पुढे असायची. पण अनोळखी माणूस समोर आला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. लग्न होऊन आल्यापासून खाडी, आगर आणि ठाण्याचा बाजार एवढंच तिचं जग होतं. टिटवाळ्याच्या गणपतीला एकदा जाऊन आली होती, तीही अख्ख्या वाडीबरोबर, गाडीत मधोमध बसून.

अशी बाई अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला एकटी आगबोटीत बसून एडनला गेली, हे कोलशेतात पुढे कितीतरी वर्षं कुणाला खरं वाटत नसे.

झालं होतं असं, की तिचा नवरा पंढरी दोन वर्षांपूर्वी एडनला गेला होता. तिकडे समुद्रकाठी नवी मिठागरं घालायचं काम निघालं होतं आणि मीठ पिकवणारे जाणते हात हवे होते. एडनवर तेव्हा मुंबई सरकारचाच अंमल होता, त्यामुळे जाण्यायेण्याची आडकाठी नव्हती. पंढरीचं काम तिकडे पसंत पडलं, मुक्काम वाढला, राहायला खोली मिळाली. दिवाळीनंतर त्याच्याबरोबर गेलेला आनंदा गावी परतला, तो तुळसासाठी बोटीचं तिकीट आणि निरोप घेऊन. धाकटा दीर मारुती याने तिला पोचवायला जायचं, असं ठरलं होतं. त्याचंही तिकीट होतं.

बोट सुटायला थोडे दिवस राहिले आणि मारुतीला हिवतापाने गाठलं. दिवसाआड थंडी भरायची, अंगावर तीन गोधड्या टाकल्या तरी खाट हलायची. आनंदाला आता परत जायचं नव्हतं. वाडीतल्या जाणत्यांनी एका सुरात सांगितलं, यंदा राहू दे, पुढच्या साली बघू.

तुळसा ऐकत बसली होती. सगळे उठून गेल्यावर ती सासूला म्हणाली, "आये, मी जाताव."

सखुबाई चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलं. "कुनासंगं?"

"एकलीच."

सखुबाई बराच वेळ लाकडं मागेपुढे करत राहिली. मुलगा दोन वर्षं परमुलखात, सून इकडे, हे तिलाही सहन होत नव्हतं. शेवटी म्हणाली, "मना काय समजत नाय त्यातलं. पन ठान्यात एक बाई हाय. ती तिकडं राहून आलीय. तिला इचारू. ती नको बोलली तर नको."

ती बाई म्हणजे कमळाबाई. साताऱ्याकडची. तिचा नवरा पलटणीत शिपाई होता आणि पलटणीबरोबर ती एडनला राहिली होती. नवरा वारल्यावर ती तिथून एकटीच परत आली, आणि भाऊ ठाण्याच्या कचेरीत चपराशी होता म्हणून टेंभी नाक्याजवळ त्याच्या घरी राहू लागली. सखुबाई तिच्या दारी भाजी घालायची, तेवढीच ओळख.

कमळाबाईने दोघींना ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि तुळसाला पहिलाच प्रश्न केला, "तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

तुळसाने मान खाली घातली. सखुबाई उत्तर द्यायला गेली तशी कमळाबाईने हाताने तिला थांबवलं. "तुम्ही नका सांगू. तिकडे तुम्ही नसणार. तिलाच सांगू दे."

तुळसाचे कान लाल झाले. नवऱ्याचं नाव तिने आजवर घेतलं होतं ते फक्त उखाण्यात, तेही लाजत.

"हे बघ मुली," कमळाबाई म्हणाली, "बंदरावर तुला कुणी विचारलं कुणाची कोण, तर 'आमचे हे' म्हणून भागत नाही. हे कोण, ते त्यांना कसं कळणार? नाव, बापाचं नाव, आडनाव, काम कुठे. धडधडीत सांगता आलं पाहिजे. सांग."

तुळसाने सासूकडे पाहिलं. सखुबाईने डोळ्यांनीच हो म्हटलं आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागली.

"पंढरी गुणाजी भोईर," तुळसा म्हणाली.

"मोठ्याने."

तिने पुन्हा म्हटलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने.

मग कमळाबाईने तिला बाकीचं सांगितलं. तिचं सांगणं स्वयंपाक शिकवावा तसं होतं, एकातून दुसरं निघत जाणारं. तिकीट चोळीच्या आत शिवून घे, आणि बोटीच्या शिडीवर वर्दीतला माणूस मागेल तेव्हाच काढ. बघू बरं म्हणून कुणी हात पुढे केला तर देऊ नकोस. पैसे एका गाठीत ठेवू नकोस. पाणी आपल्या तांब्यात, आपल्या हाताने घ्यायचं. दिलेला विडा, दिलेली मिठाई तोंडात टाकायची नाही, राग आला तर येऊ दे. पहिले दोन दिवस पोट ढवळून निघेल, तेव्हा लिंबू आणि आमसूल जवळ ठेव, कोरडी भाकरी चावत राहा आणि आडवी पड.

"आणि डेकवर चढलीस की आधी जागा शोधू नकोस, माणसं शोध. पोरंबाळं घेऊन निघालेलं एखादं कुटुंब असतंच. त्यांच्या शेजारी पथारी टाक. त्यांचं पोर रडलं तर उचलून घे. आपण आधी उपयोगी पडलो की पुढे बोलावं लागत नाही."

"एकली हाय असं सांगू का नको?" तुळसाने विचारलं. तिने आपणहून विचारलेलं ते पहिलंच.

"खोटं सांगू नकोस, बोटीवर दुसऱ्या दिवशी उघडं पडतं. नवरा घ्यायला धक्क्यावर उभा आहे, असं सांग. आणि एक ध्यानात ठेव. कुणी आला आणि म्हणाला तुला न्यायला आलोय, तर आपण नाव सांगायचं नाही. त्याला सांगायला लावायचं. कुणी पाठवलं, कुणाला न्यायला सांगितलं. नाव चुकलं तर जागचं हलायचं नाही."

निघताना सखुबाईने कमळाबाईला विचारलं, "मंग पाठवू ना?"

"मी आले ना एकटी," कमळाबाई म्हणाली, "तीही रडत. ही तर जाते आहे नवऱ्याकडे."

निघायच्या दिवशी आनंदा तिला ठाण्याहून आगगाडीने मुंबईला घेऊन गेला. गोदीच्या फाटकाजवळ सावलीत बसवून, कुठल्या दारातून आत सोडतात ते दाखवून तो परतीच्या गाडीसाठी निघून गेला. तुळसा बोचकं मांडीवर घेऊन बसली. कपाळाला मोठं कुंकू लावलेली, चापूनचोपून लुगडं नेसलेली एक बाई येऊन तिच्याशेजारी टेकली.

"कुठली गं तू? आगरी दिसतेस."

"ठान्याकडची."

"माझं माहेर कळव्याला. कुठे निघालीस?"

तुळसाने एडन म्हटलं. बाई हळहळून चुकचुकली. "अगं, ती बोट आज सुटायची नाही. उद्यावर गेली. माझ्याकडे आणखी दोघी थांबल्यात तिकडच्याच. चल, जेव, नीज, सकाळी मी आणून सोडते. तिकीट आहे ना? बघू, त्यावर तारीख काय आहे."

आवाज इतका मायेचा होता की तुळसा अर्धी उठली होती. पण तिकीट चोळीत शिवलेलं होतं आणि भर रस्त्यात ती शिवण उसवणं शक्यच नव्हतं. त्या अडचणीने तिला थांबवलं आणि थांबल्यावर तिला विचार सुचला. ती म्हणाली, "मी त्या फाटकावरच्या शिपायाला इचारून येताव. मंग जाऊ."

बाईचा चेहरा पालटला. "माझ्यावर भरवसा नाही? चांगलं करायला जावं तर ही गत. मर मग उन्हात." ती उठली आणि फटाफट पाय आपटत गर्दीत गेली.

शिपायाने सांगितलं, बोट आजच सुटणार आहे, आता आत सोडायला लागतील.  तिने तांब्यातलं पाणी तिथेच उभ्याने प्यायलं. अशा बायकांच्या मागून गेलेल्या किती जणी भलत्याच बोटीवर, भलत्याच मुलखात मजुरीला गेल्या, ते तिला पुढे बोटीवर कळलं.

बोटीवर कलावती भेटली. एका हवालदाराची बायको, तीन पोरं आणि ढीगभर सामान. तुळसाने पथारी टाकली आणि पहिल्याच दिवशी कलावती आडवी झाल्यावर तिची पोरं सांभाळली, स्वतःला ओकाऱ्या होत असतानाही. मधलं पोर तर तिला सोडीनाच. समुद्र पुढे शांत झाला. दोघी सकाळी कठड्याशी बसून एकमेकींचे केस विंचरत. कलावतीला तुळसाची बोली ऐकून हसू यायचं आणि तुळसाला तिची घाटावरची. आपण अनोळखी बाईशी दिवसभर बोलतो आहोत, हे तुळसाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एडन दिसलं ते सकाळी. काळेभोर उघडे डोंगर, एक झाड म्हणून नाही. बोट अपेक्षेपेक्षा आधी पोचली होती. लहान होड्यांतून उतारूंना धक्क्यावर आणलं. तुळसाने एकेक तोंड न्याहाळलं. पंढरी त्यांत नव्हता.

कलावतीला घ्यायला आलेल्या हवालदाराने बराच वेळ वाट पाहिली. पण पलटणीची गाडी आली होती, पोरं उन्हाने कासावीस झाली होती. कलावती म्हणाली, "चल आमच्याबरोबर, मागाहून शोधू." तुळसाने नाही म्हणून मान हलवली. ती गेली आणि नवरा इथे आला तर चुकामूक व्हायची. तेव्हा हवालदाराने धक्क्यावरच्या पोलिसाला सगळं समजावून तिला चौकीच्या पडवीत बसवलं, आपली बराक कुठे आहे तेही त्याला सांगून ठेवलं. कलावतीचं मधलं पोर गाडी दिसेनाशी होईपर्यंत रडत होतं.

थोड्या वेळाने एक उंच, काळासावळा अरब होडीवाला तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "चलो. हमारा होडी में. आदमी भेजा."

तुळसा उभी राहिली. ती मोठ्याने म्हणाली, "कौन आदमी? नाम बोलो."

"बंडारी," तो म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. "बंडारी. बंडारी का औरत."

भंडारी. म्हणजे नारळीच्या बागांतले, ताडी काढणारे. दुसऱ्याच कुणाची बायको न्यायला आला होता हा, किंवा काही मनात धरून आला होता. तुळसा खाली बसली आणि म्हणाली, "मैं नाय. दुसरी देखो."

तो माणूस गोंधळून उभा राहिला. मग तिच्याकडे पाहून, ती घाबरली आहे हे ओळखून, दोन पावलं मागे सरला. रागावला नाही. बोचक्याला हात लावला नाही. पोलिसाशी काहीतरी बोलला, आडोशाला ठेवलेल्या रांजणाकडे बोट दाखवून तिला पाणी पिण्याची खूण केली आणि होडीत बसून निघून गेला. तिने होडी पार पलीकडच्या किनाऱ्याकडे जाताना पाहिली.

दुपार कलली. पोलिसाने तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तिने पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट. तो म्हणाला, मिठागरं खाडीपल्याड आहेत, संध्याकाळी तिकडची माणसं येतात, तेव्हा विचारू. पण अजून संध्याकाळ व्हायची होती तोच तीच होडी परत आली. तोच अरब वल्हं मारत होता. पुढे, उभा राहू नये तिथे, होडी हेलकावत असताना एक माणूस उभा होता. अंगावर वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ होते. तो पंढरी होता.

 तुळसाने बसल्याबसल्याच पदर डोळ्यांना लावला.

पंढरी धापा टाकत पायऱ्या चढला. "मारुती कुठं हाय?"

"त्याला ताप आला. मी एकलीच आलू."

तो तिच्याशेजारी खाली बसला आणि नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"यो माणूस तुमचा हाय?" तिने होडीवाल्याकडे बोट केलं.

"सालेम. आमाला रोज नेतो-आनतो. बोट लवकर दिसली, मी आगराच्या पान्यात अडकलेला, म्हून त्याला धाडला. तर तो परत येऊन बोलतो, तुझी बाईल येत नाय."

"तो भंडारी बोलला."

पंढरी हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "त्यांच्या जिभेला पंढरी येत नाय गं. इकडं समदे मना बंडारीच बोलतान."

काय घोटाळा झाला ते पंढरीने सालेमला सांगितलं, तेव्हा तोही मान मागे टाकून हसला आणि दोन्ही हात जोडून तुळसाला नमस्कार केला. तुळसाला फार लाज वाटली. ती म्हणाली, "त्याला सांगा, दोन फेऱ्या माझ्यामुळं पडल्या." सालेमने उत्तर दिलं ते पंढरीने तिला समजावून सांगितलं: त्याच्या बहिणीने असंच केलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

त्या संध्याकाळी होडीत, बोचक्यावर डोकं ठेवून, तुळसा झोपून गेली. वल्ह्याचं पाणी तोंडावर उडत होतं तरी ती जागी झाली नाही. किनारा आला तेव्हा पंढरीने तिला उठवलं नाही. सालेमही होडी बांधून गप्प बसून राहिला.

तिकडे कोलशेतात सखुबाईला तुळसा सुखरूप पोचल्याचा निरोप मिळायला पुष्कळ दिवस लागले; तोवर तिला अन्न गोड लागत नव्हतं. परतणाऱ्या एका खलाशाने तो आणला. निरोप ऐकल्यावर ती आगराच्या बांधावरच बसली, शेजारणीकडून भाकरी मागून घेतली आणि सावकाश सगळी खाल्ली.

तुळसा आणि पंढरी पाच-सहा वर्षं एडनला राहिले. थोरली मुलगी तिकडचीच. परत आल्यावर वाडीतलं कुणी रंगूनला, कुणी झांजिबारला निघालं की आधी तुळसाच्या अंगणात यायचं. ती तिकीट कुठे शिवायचं, पाणी कसं घ्यायचं, हे सगळं सांगायची. पण एक गोष्ट तिची स्वतःची होती, आणि ती सांगताना तिचा आवाज हळू व्हायचा. म्हणायची, परमुलखात सगळीच माणसं वाईट नसतात. ओळखायचं कसं, तर प्रश्न करून बघायचा. लबाड असेल त्याला विचारलेलं झोंबतं. चांगल्याला झोंबत नाही, तो थांबतो.