उलटी ठेवलेली बर्फाची पेटी

लग्न होऊन मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी आले तेव्हा आमच्या ओळीत वीज नव्हती. विजेचे खांब कोपऱ्यापर्यंत येऊन थांबले होते आणि पुढे कधी सरकतील ते कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात कंदील होते, हाताने हलवायचे पंखे होते. तरीही आमच्याकडे बर्फ व्हायचा. रॉकेलवर.

ती पेटी माझ्या सासऱ्यांनी कामठीकडच्या एका बंगल्यातल्या लिलावात घेतली होती. मी त्यांना मामाजी म्हणायची. पेटी छातीइतकी उंच, पांढरी. खालचा खण ओढला की रॉकेलची टाकी, टाकीवर वात आणि वातीवर बोटभर निळी ज्योत. जाळ लावून बर्फ करायचा, हे माझ्या डोक्यात कितीतरी दिवस शिरलं नाही. मामाजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवून पहिल्यांदा ती वात पुसायचे. दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नसत. मे महिन्यात शेजारपाजारचे लोक डबे घेऊन दारात उभे राहत आणि मामाजी विचारत, “कोणाकडे ताप आहे का?” ज्याच्या घरी ताप असेल त्याच्या डब्यात पहिल्यांदा बर्फ पडायचा. बाकीच्यांना दोन दोन तुकडे.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी पेटी स्वयंपाकघरातून काढून समोरच्या पडवीत ठेवली. चुलीच्या झळेने पेटीला त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “झळ गिळ काई नाई वं. येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसाले पायजे ना!”

आठ-दहा दिवसांत बर्फ भुसभुशीत व्हायला लागला. मग नुसतं गार पाणी. मग तेही नाही. एका सकाळी आतलं दूध नासलं. ज्योत नीट जळत होती, मागची नळी हात लावू देत नव्हती इतकी तापत होती, आणि आत मात्र साध्या कपाटात असावी तशी हवा.

मामाजींनी सीताबर्डीवरून एका मिस्त्रीला बोलावून आणलं. तो स्कूटरवर आला. त्याने दार उघडलं, कान लावला, पाठीमागे वाकून पाहिलं आणि उठून हात झटकले.

“साहेब, याचा गॅस गेला. अब ये खाली डब्बा है. विजेचा घेऊन टाका. खांब तर आलेच तुमच्याकडे.”

“दुरुस्तच होणार नाही म्हणता?”

“याचे पार्टच नाही मिळत साहेब. मी तर असा डब्बा दुसऱ्यांदा पाहून राहिलो.”

माणूस लबाड नव्हता. त्याला जे येत होतं ते त्याने सांगितलं. पण मामाजींनी त्या दिवशी अर्धं जेवण पानातच टाकलं. पानावरून उठताना म्हणाले, “काढून टाकू. उगाच जागा अडवते.”

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. “एक वैद्य म्हणला का मानूस गेला, तर कोनी लगेच रडाले बसते का? दुसऱ्या कोनाले दाखवा ना.”

“कोणाला दाखवू? अख्ख्या नागपुरात अशी पेटी आहे कोणाकडे?”

मला ठाऊक होतं कोणाकडे आहे. पण बोलावं की नाही कळेना. नवी सून, आणि सांगायचं ते स्वतःच्या माहेरचं. शेवटी दारामागूनच म्हणाले, “मायच्या दवाखान्यात आहे. अशीच. ती चालवते.”

माझी आई पारशिवनीच्या दवाखान्यात नर्स होती. बाबा गेले तेव्हा मी लहान होते. शेती काकांच्या हातात गेली आणि आईने नागपूरला राहून नर्सचं शिक्षण घेतलं. दवाखान्यात लसी थंड ठेवायला रॉकेलवरची पेटी होती आणि तिची सगळी देखभाल आईकडे. दर महिन्याला ती एसटीने नागपूरला येई, डब्यात बर्फ भरून त्यात लसी ठेवी आणि त्या तापायच्या आत परत जाई. माझ्याकडे कधी येत नसे. एक तर घाई, आणि दुसरं म्हणजे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. महिन्यातून एकदा ती माझ्यापासून तीन मैलांवर येऊन जायची आणि मला ते नंतर पत्रातून कळायचं.

मामाजींनी वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग त्यांनी पोस्टकार्ड मागितलं. लिहून झाल्यावर सासूबाईंना वाचून दाखवलं. कचेरीतलीच भाषा होती. ‘सदर पेटी बंद पडली असून आपले मत मिळाल्यास आभारी होऊ.’

आई पुढच्या फेरीला सकाळच्या गाडीने आली. पांढरं लुगडं, हातात लसींचा रिकामा डबा. सासूबाईंनी खुर्ची दिली, तिच्यावर ती टेकली नाही. सरळ पेटीजवळ गेली आणि एखाद्या रोग्याच्या घरच्यांना विचारावं तसं विचारू लागली.

“ज्योत निळी का पिवळी?”

“निळी,” मामाजी म्हणाले.

“मांगची नळी तापते?”

“तापते.”

“जाग्यावरून हलवली होती का इतक्यात?”

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी जमिनीकडे. मामाजी खाकरले. “पंधरा-वीस दिवस झाले असतील.”

आईने माझ्याकडून काठोकाठ भरलेली वाटी मागितली आणि पेटीच्या डोक्यावर ठेवली. पाणी एका बाजूने ओघळलं. आम्हा सगळ्यांना दिसलं. पडवी धुतली की पाणी अंगणात जावं म्हणून तिला उतार दिलेला होता.

“पडवीले उतार पायजेच,” आई म्हणाली. “पडवी बराबर हाये. पन पेटीले सपाट जागा लागते, भाऊ. तिच्या पोटात जे फिरते ना, थे वाकडं झालं का एका ठिकानी अडून बसते. गॅस नसंन गेला.”

कोणी हलवली, काहून हलवली, हे तिने विचारलं नाही. पण मामाजींचे कान लाल झालेले मी पाहिले.

“मग आता?” ते म्हणाले.

“टाकी काढून घ्या आनि उलटी करा.”

“उलटी?”

“हो. डोक्यावर. एक दिवस एक रात तशीच ठेवा. मंग सरळ करून अर्धा दिवस थांबा आनि मंग वात लावा. अडलेलं सुटते.”

“हे कुठे लिहिलेलं आहे का?”

“लिहेल नाई. शिकत होती तवा एका मोठ्या नर्सबाईनं करून दाखवलं. मंग मी दोनदा केलं. एकदा जमलं, एकदा नाई जमलं.”

“म्हणजे खात्री नाही.”

“खात्री नाई देत मी. पन फेकाच्या आंधी करून पाहाले काय जाते?”

ती पाणी न घेताच निघाली. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. रस्त्यात पेटीचा विषय निघालाच नाही. तिने माझं मनगट धरून पाहिलं आणि म्हणाली, “दुबळी झाली वं तू. जेवतं का नाई?” मग रिक्षा आली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेजारचे तिघे आणि माझा नवरा, अशा चौघांनी मिळून जमिनीवर गोधडी टाकली आणि पेटी उलटी केली. उलटताना तिच्या पोटातून गडगड आवाज आला, तशी सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक कुंपणाशी येऊन बघून जात. एकाने विचारलंच, “काहून हो, पेटी शीर्षासन करून राहिली का?” एरवी असल्या बोलण्यावर मामाजी तापले असते. त्या दिवशी ते म्हणाले, “विहीणबाईंनी सांगितलंय.” दिवसभर जो कोणी विचारील त्याला तेच उत्तर.

सोमवारी पेटी सरळ करून परत स्वयंपाकघरात नेली. मामाजींनी स्वतः पाण्याची वाटी वर ठेवली आणि पायाखाली फरशीचे तुकडे सारून सारून पाणी सगळीकडून सारखं केलं. संध्याकाळी वात लावली.

मंगळवारी सकाळी सासूबाईंची हाक आली, “सूनबाई, इकडे ये वं! लवकर!” मी धावत गेले. ट्रेमधल्या पाण्यावर पातळ साय धरावी तसा बर्फ धरला होता. नखाने दाबला तर मोडला. दुपारपर्यंत ट्रे घट्ट झाला. मामाजी कचेरीतून आले, पायही न धुता आत गेले, एक तुकडा तळहातावर घेतला आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, “तुझ्या आईला कळव.” लगेच म्हणाले, “नको. मीच लिहितो.”

त्या पोस्टकार्डात त्यांनी काय लिहिलं ते मला पुढच्या महिन्यात कळलं. आई लसींचा डबा घेऊन दारात उभी; लसींसाठीचा बर्फ यापुढे आमच्याकडून न्यावा, असं त्यांनी लिहिलं होतं. मामाजींनी दोन ट्रे भरून ठेवायला लावले होते. आई संकोचली, तर म्हणाले, “तुम्ही पाणी घेत नाही ते मला माहीत आहे. हा बर्फ सरकारी कामाचा आहे. त्याला रीत आडवी येत नाही.”

तेव्हापासून दर महिन्याला ती यायची. आधी आमच्याकडून बर्फ घ्यायचा, मग लसी, मग गाडी. अर्धा तास मिळायचा. सासूबाई ट्रे रिकामे करायला मुद्दाम वेळ लावायच्या, आणि तेवढ्यात आई मला पुढ्यात बसवून माझे केस विंचरून द्यायची. लग्न झालेल्या बाईचे केस आईने विंचरावेत, यात काही विशेष नाही म्हणा. पण मी त्या दिवसाची वाट पाहायची.

पेटी आणखी तीन उन्हाळे चालली. मग पुन्हा थंडावली. दोनदा उलटी करून पाहिली, काही उपयोग झाला नाही. मामाजींनी मिस्त्री बोलावला नाही, आईची फेरी येईपर्यंत थांबले. आईने मागून हात लावून पाहिला आणि मान हलवली. “आता नाई होत, भाऊ.”

“बरं,” मामाजी म्हणाले. बस इतकंच. तोवर वीज आली होती. वर्षभरात विजेचा फ्रिज आला, तोच स्कूटरवाला मिस्त्री बसवून गेला. पुढे लसी दवाखान्यात जीपने यायला लागल्या आणि आईचं नागपूरला येणं कमी झालं. मला मुलगी झाली, रीत सुटली, आईला आमच्याकडे पाणी प्यायची मोकळीक झाली, तर आता तिला यायला कारण उरलं नाही. सणावारी भेट व्हायची तेवढीच.

मामाजी मात्र तिला विसरले नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन करा म्हणाले. मामाजी ठरवेनात. एक दिवस सकाळी मला म्हणाले, “चल, पारशिवनीला जाऊ.” मला वाटलं सहज भेटायला. अंगणात बाजेवर बसल्यावर त्यांनी खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढून आईपुढे धरली. “विहीणबाई, डॉक्टर असं म्हणतात. तुमचं काय म्हणणं?”

आईने चिठ्ठी वाचली. हसू दाबत म्हणाली, “मी नर्स हाये भाऊ. डॉक्टर बराबर सांगून राहिला. करून घ्या.”

“तुम्ही म्हणता तर करतो,” मामाजी म्हणाले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं.