गंजीची सावली

मंडळी, मी चित्रकलेचा मास्तर. आज माझ्या आईनं माझा तास घेतला.

तिचा गुडघा दाखवायला जामखेडहून नगरला गेलो होतो. रिपोर्टला दोन तास लागणार होते, म्हणून तिला संग्रहालयात नेलं. तिथं जुन्या फ्रेंच चित्रांच्या मोठाल्या प्रती लावल्यात. मला चित्रं बघायची होती, आईला फक्त पंख्याखाली बसायचं होतं.

पण एका चित्रासमोर ती थबकली. शेतात वाळल्या गवताची गंजी, बाकी काहीच नाही.

"दिस बुडायच्या टायमाचं हाय," ती म्हणाली.

खालच्या पाटीवर खरंच 'सूर्यास्त' लिहिलं होतं. आईला वाचता येत नाही.

"कशावरनं गं?"

"सावली निळी हाय की! आपल्या कडब्याच्या गंजीची बी अशीच पडती. लहानपनी तिथंच तर खेळायचास, कधी बघितली न्हाई व्हय?"

नव्हती बघितली. वीस वर्षं मी पोरांना सांगतोय, सावलीला काळा रंग द्या. कुणी निळा दिला, तर मीच वरून काळा फिरवलाय.

परतताना ऊन कललं होतं. रस्त्याकडेला कडब्याची गंजी दिसली आणि गाडी थांबवली. सावली निळी होती. चक्क निळी! आई गाडीत बसून हसत होती.

इथं वाचणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही आहेत. खरं सांगा रे, कुणाकुणाची निळी सावली मी काळी केली होती?