माळ्यावरचा पाळणा

घर विकायचं ठरलं तेव्हा मला दुसरा महिना चालू होता, आणि हे माझ्याशिवाय घरात कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तीन महिने उलटल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही असा सासूबाईंचा दंडकच होता. तो उगाच नव्हता. लग्नानंतर दोनदा मी घाईघाईने सांगून बसले होते, दोन्ही वेळा त्यांनी बदलापूर गावात घरोघरी साखर वाटली होती आणि दोन्ही वेळा थोड्याच दिवसांत सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "आता सांगशील ती तीन महिने गेल्यावर. दिष्ट लागते. गावाची लागते, माझीबी लागत असंल." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत होते. तोंड चालायचं ते मनातल्या मनात.

घर विकण्याचं खूळ ह्यांचं. सासरे गेले, भावकीत शेताची वाटणी झाली, आमच्या वाट्याला नुसतं घर आलं. ह्यांना अंबरनाथला कारखान्यात पाळीचं काम लागलं होतं आणि तिथल्या चाळीत एक खोली मिळत होती. "दर वर्षी कौलं शाकारायची, भिंती लिंपायच्या, कोणासाठी?" हे म्हणायचे. कोणासाठी म्हणताना ते माझ्याकडे बघत नसत, पण मला ते लागायचंच. माणसाला एकदा कमीपणा चिकटला की भिंतीला बोललेलंही आपल्यालाच बोलल्यासारखं वाटतं.

दलाल आला तो उल्हासनगरच्या कॅम्पातला. पांढरा पायजमा, तोंडात पान, मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी. तो ओटीवरून थेट माजघरात शिरला, कणगीला हात लावून बघितला, माळ्याकडे मान वर केली आणि म्हणाला, "घर अच्छा आहे बाई, पण दिसतच नाय. गिऱ्हाइकाला तुमचा संसार नको. भिंत दाखवा, जमीन दाखवा. सगळा खाली करा, मग बघा घर केवढा मोठा होतो."

मला त्याचा असा राग आला की चहात साखर घालायची राहिली. त्याने तो तसाच प्यायला. मनात म्हटलं, मेल्या, ज्या घरात माणसं राहतात तिथे संसार दिसणार नाही तर काय दिसणार? पण ह्यांना ते पटलं. गिऱ्हाईक बघायला येणार त्याच्या आत घर मोकळं करायचं ठरलं.

मोकळं करण्याची सासूबाईंची तऱ्हा वेगळी होती. विकायचं काही नाही, भंगारात तर मुळीच नाही. प्रत्येक वस्तूला त्या घर बघत होत्या, लेकीला बघावं तसं. जातं शेजारच्या नव्या सुनेला, कारण तिच्या माहेरून ते आलं नव्हतं. कणगी पलीकडच्या आळीतल्या एका घरी, कारण त्यांचं भात त्या साली चांगलं पिकलं होतं. जिला जे मिळायचं ती बाई ओटी भरून घेतल्यासारखी घेऊन जायची आणि सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून, "पुसून ठेव गं, ओलं ठेवू नको," असं लांबपर्यंत ओरडत राहायच्या.

माळ्यावर चढायचं काम माझ्याकडे. हंडे, पाट, फुटकी पेटी, सासऱ्यांची घोंगडी, लग्नातल्या परड्या. मी वरून द्यायची, त्या खाली घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, "आई, कंबर भरून आलीय." त्या म्हणाल्या, "आन माजी काय सोन्याची हाय?" मला हसू आलं. खरं कारण सांगायला तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला खांद्यावर बसवून खाली उतरवलं असतं. पण तोंड उघडायचं नव्हतं. दिवस मोजत होते. थोडेच राहिले होते.

शेवटी माळ्यावर पाळणा राहिला. सागवानी, चार बाजूंना कातीव दांडे, वर लाकडी पोपट. एका पोपटाची चोच ह्यांनी लहानपणी चावून काढली होती. तो पाळणा सगळ्या आळीत फिरलेला. कोणाकडे बाळंतपण निघालं की न्यायचा, मूल रांगायला लागलं की धुऊन परत आणायचा. पण मी लग्न होऊन आले आणि सासूबाईंनी तो देणं थांबवलं. "आता घरात लागंल," म्हणाल्या होत्या. तेव्हापासून तो माळ्यावर होता. मी दिवाळीला दिवाळी त्याची धूळ पुसायची, ती पुसताना कोणी बघू नये अशी वेळ काढून.

सासूबाई खाली उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यो ठाकूरवाडीत धाडू. आपल्या भाताच्या लावणीला यायची ना ती ठाकरीण, तिला सातवा महिना हाय. तिकडं चाळीत टांगायला जागा नाय."

माझे हात पोपटावरच राहिले. हे दाराशी पेटीला दोरी बांधत होते, तिथूनच म्हणाले, "बरोबर आहे. ओझं कशाला न्यायचं?"

ओझं! इतकी वर्षं जे मी वाट बघून पुसलं ते ओझं. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण ती रागाची होती. जिभेच्या टोकाला आलं होतं: थांबा, लागणार आहे, मलाच लागणार आहे. एक वाक्य. पण दोनदा बोलले होते आणि दोनदा गेलं होतं. तिसऱ्यांदा बोलून घालवायची छाती होईना. शिवाय सासूबाईंनीच घातलेला दंडक मोडायचा कसा? आणि खरं सांगायचं तर त्यांनी माझ्यावरची आशा सोडली, ह्याचा डंख इतका होता की सांगण्याची इच्छाच मेली. मूग गिळले आणि पाळणा खाली दिला.

ठाकरीण तिसऱ्या प्रहरी आली. आता बारवीचं धरण आहे ना, त्या अंगाला डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी होती. सोबत तिचा नवरा, खांद्यावर वासा घेऊन, पाळणा टांगून न्यायला. पोट चांगलं दिसत होतं तिचं. ती ओटीवर टेकली आणि पाळण्याला हात न लावता नुसती बघत राहिली.

आमच्याकडे पाळणा रिकामा हलवत नाहीत आणि उंबऱ्याबाहेर तर रिकामा काढतच नाहीत. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा घालतात, तसा वरवंटा त्यात ठेवून पाळणा बाहेर काढायचा आणि अंगणात गेल्यावर वरवंटा उचलून घ्यायचा. सासूबाईंनी पेटीतून जुनी कुंची काढून वरवंट्याला बांधली आणि माझ्या हातात दिला. "तू ठेव. तू घरची सून."

मी ठेवला. दोन्ही बाजूंनी सासूबाई आणि मी धरून पाळणा उंबऱ्याबाहेर घेऊन गेलो. अंगणात मी वाकून वरवंटा उचलला. थंडगार होता, जड होता, आणि मी तो कमरेवर घेतला. तो कमरेवर घेण्याचं काही कारण नव्हतं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, हिला माझी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. कॅम्पात कापडाचं दुकान असलेले सिंधी नवराबायको. फाळणीत सिंध सोडून आलेले, बराकीत राहून कंटाळलेले. दलाल म्हणाला होता ते खरं ठरलं, घर मोठं दिसत होतं. बोललं की आवाज घुमत होता. त्या बाईने प्रत्येक कोपरा पाहिला, मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हम तो चूल्हे पर पतीला छोड़ के निकले थे, भाभी. पूरा भरा हुआ घर. आपने अच्छा किया, सब अपने हाथ से दिया." ती मनापासून बोलत होती. मी हो म्हटलं. तिला कसं सांगणार की आपल्या हाताने देणंही काही सोपं नसतं.

सौदा झाला. आम्ही अंबरनाथला गेलो. आणि तीन महिने पुरे व्हायला थोडे दिवस उरले असताना, चाळीच्या सार्वजनिक नळावरून पाणी आणताना, माझं गेलं. हे कामावर होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीची अडचण समजून खोलीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून दिली. चार दिवस मी तिथे बसले, शिवायचं नाही, चुलीकडे जायचं नाही. रडायला भिंत होती. तेवढी दलालाने म्हटल्यासारखी मोकळी होती.

मी कोणाला बोलले नाही. जे सांगितलंच नव्हतं ते गेलं म्हणून काय सांगायचं?

पुढे मला दिवस राहिले नाहीत. दोन पावसाळे गेले आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. डोळे मिटून पडल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "पाळणा दिला तवा तुला राग आला व्हता."

"नाही हो आई. कशाला येईल?"

"आला व्हता. मला काय डोळं नव्हतं? पर तू काय बोलली नाय. आगं, चाळीत बाया टपलेल्याच असत्यात. नव्या जागंत पयल्या दिशी रिकामा पाळणा उतरला असता तर समद्यांनी तुलाच इचारलं असतं. गावात निदान मी हाय म्हनून कुनी तोंडावर बोलत नव्हतं. हितं मी कुनाकुनाचं तोंड धरू? म्हनून धाडला. तुला कुनी बोलू नये."

तेलाची वाटी माझ्या हातातच राहिली. इतके दिवस मी ह्या बाईला मनात काय काय बोलले होते. तिने पाळणा काढला तो माझी आशा सोडून नव्हे, माझ्या अंगावर येणारं आधीच अडवावं म्हणून. आणि त्या वेळी आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो, हाताच्या अंतरावर.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, तेव्हा मला दुसरा महिना होता."

त्यांनी डोळे उघडले.

"हितं आल्यावर कोपऱ्यात बसलीस ती..."

"हो."

"आन मला सांगितलं नाय?"

"तुम्हीच म्हणाला होता, तीन महिने झाल्याशिवाय बोलायचं नाही."

मला वाटलं, उगाच सांगितलं, जाणाऱ्या माणसाच्या उरावर दगड ठेवला. मी पुन्हा पायांना तेल लावायला लागले, तर त्यांनी पाय आखडून घेतले आणि माझा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला. त्या हातांत ताकद उरली नव्हती, पण सोडेनात.

"सांगायचं व्हतंस गं," त्या म्हणाल्या. "मी घरातली काडी हलू दिली नसती."