पेंटरचा हात आणि कुंभारीण

डोंगरकडा गावात ‘धम्मानंदचं घर कुठं?’ असं विचारलं तर माणूस जरा विचारात पडतो. ‘पेंटरचं’ म्हटलं की लगेच बोट दाखवतो. गावातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं आणि लग्नघरांच्या भिंती वर्षानुवर्षं यानेच रंगवल्या. कुणाच्या दारालगत गणपती, बौद्ध घरी पिंपळाचं पान, आणि वर ठसठशीत ‘मंगल परिणय’. त्याचं नाव होतं ते रेघेसाठी. श्वास रोखायचा, ब्रश टेकवायचा आणि अक्षराचा काना वरून खाली एका दमात ओढायचा. त्याच रेघेवरून दोनदा ब्रश फिरवणाऱ्याला तो पेंटर मानायचाच नाही. ‘गिरवायला काय, लेकरूबी गिरवतं,’ म्हणायचा. गर्व होताच, आणि तो त्याला शोभायचाही.

मग उजवा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजू लागली, मग अक्षरांच्या कडा नागमोडी यायला लागल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, कंप कमी होईल, पुरता जाणार नाही. धम्मानंदने ब्रश रॉकेलमध्ये धुतले, पुसले आणि डब्यात घालून झाकण लावलं. वारंगा फाट्यावर फ्लेक्सची दुकानं होतीच, त्यामुळे गावाचं काही अडलं नाही. अडलं ते एकट्या धम्मानंदचं.

हिंगोलीला नर्सचं काम करणारी त्याची मुलगी शीतल हे सगळं बघत होती. बाप दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो, हे तिला सोसवेना. एका खेपेला तिने फाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून चिमट्याची लेन्स आणली. फोनच्या कॅमेऱ्यावर चिमटा लावला की मुंगीसुद्धा शेळीएवढी दिसते, अशी ती गंमत. ‘बसून राहण्यापेक्षा किडे बघत जा, पप्पा,’ एवढं म्हणून ती ड्युटीवर निघून गेली.

वैशाखात शीतलचं लग्न ठरलं आणि घरात भिंतीचा प्रश्न उभा राहिला. बायको, लक्ष्मीबाई, सरळ बोलणारी. ती म्हणाली, “फ्लेक्सवाल्याला सांगून टाकते. चांगलं मोठं येतंय.”

“माझ्या भिंतीवर फ्लेक्स लागणार न्हाई. लेकीचं नाव मीच लिहिणार.”

“अन् हात?”

त्याची नजर भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे एक कुंभारीण माशी मातीचं घर बांधत होती. काळी, पिवळ्या पायांची, कमर सुतासारखी. मोरीजवळची ओली माती गोळी करून आणायची आणि नळीसारख्या खोलीच्या काठावर बसवायची. काठ कसा गोल, साफ. धम्मानंदला त्या माशीचा चक्क हेवा वाटत होता.

“हिचा एक फोटो साफ काढून दाखवतो,” तो म्हणाला. “आला तर हात अजून माझा अन् नाव मी लिहिणार. न्हाई आला तर लाव तुझा फ्लेक्स.”

“व्हय, बघते की,” लक्ष्मीबाई म्हणाली.

पेंटरने नेमकी अशी गोष्ट निवडली होती, की जिथे धडधाकट माणसाचीही फजिती होते. या लेन्सला माशी दोन बोटांच्या अंतरावर हवी. केसभर पुढे गेलं की धूसर, केसभर मागे आलं की धूसर. आणि याचा हात तर केसभर हलल्याशिवाय राहतच नव्हता. तो रंगकामाची शिडी लावून वर चढला. कोपर शिडीला टेकवून पाहिलं, रुमालाने फोन शिडीला बांधून पाहिला. पण कुंभारीण काही फोटोसाठी एका जागी बसत नव्हती. मग त्याने जुनी विद्या काढली, श्वास रोखला. हात आणखीच कापला. रोज सकाळी ऊन भिंतीवर आलं की हा शिडीवर, आणि जेवायला उतरला की फोनमध्ये नुसते काळे-पिवळे डाग.

“लोक रिकामपणी माशा मारतात, आमचे हे फोटो काढून राहिले,” लक्ष्मीबाई खालून म्हणायची. पण शिडी मात्र ती घट्ट धरून उभी असायची.

एके दुपारी तो फोन टाकून बाजेवर आडवा झाला. आता फ्लेक्सच लागणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. लक्ष्मीबाई फोटो चाळत बसली. “अवो, एकसारखे इतके फोटो काहून काढले?”

त्याने बघितलं. अंगठा कापत बटणावर तसाच दाबून राहिला होता आणि फोनने फोटोंची माळच काढली होती. सगळे धूसर. फक्त मध्येच एका फोटोत माशीच्या पायावरचे केस लख्ख. तो ताडकन उठून बसला.

“हात पुढं-मागं होऊन राहिला ना? मंग जातायेता बराबर जागा लागतेच की! मी उगंच त्याला धरून बसलो व्हतो.”

दुसऱ्या सकाळी त्याने श्वास रोखला नाही, कोपर टेकवलं नाही. फोन माशीजवळ नेला, अंगठा दाबून ठेवला आणि हाताला म्हणाला, काप लेका, किती कापतोस ते. त्या माळेत एक फोटो असा आला की पाय, कमर, घराच्या मातीचा कण न् कण मोजून घ्यावा. फक्त तिचं डोकं आणि पुढे धरलेली माती धूसर होती.

एवढंच काहून हललं? तो परत शिडीवर चढला, कान भिंतीला लावला. कुंभारीण माती बसवताना बारीक गुणगुणत होती, आणि त्या गुणगुणण्याबरोबर तिचं डोकं थरथरत होतं. काठ तिने एका दमात ओढलेला नव्हताच. थरथरत एक गोळी, तिच्याशेजारी दुसरी, त्यावर पुन्हा तिसरी. धम्मानंद किती वेळ बघत राहिला कोण जाणे. खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही.

“बघ,” त्याने फोन पुढे केला. “हीबी कापते.”

“आला की साफ,” लक्ष्मीबाई म्हणाली. “लिहा मंग.”

त्याने डबा उघडला. रेघ एका दमात न जमणाऱ्यांना आयुष्यभर हसला, आता स्वतः तसंच करायला बसला. रेघ ओढली नाही. ब्रशाचं टोक नुसतं टेकवायचा, उचलायचा, शेजारी टेकवायचा. ठिपक्याला ठिपका लावत ‘मंगल परिणय’ झालं, पिंपळाचं पान झालं. ‘शी’च्या वेलांटीपाशी हात फारच उसळला, तेव्हा तो थांबला, पाणी प्यायला आणि पुन्हा लागला. कोपऱ्यातल्या मातीच्या घराला त्याने रंगाचा थेंबही लागू दिला नाही.

संध्याकाळी शीतल आली आणि रस्त्यावरच थबकली. मग भिंतीजवळ गेली. जवळून कडा थरथरलेल्या होत्या, ठिपके वेगळे दिसत होते. तिने आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि ओला रंग बोटाला लागला. तो तिने पुसला नाही.

धम्मानंद ब्रश धूत होता. मान वर न करता बायकोला म्हणाला, “फ्लेक्सवाल्याला सांगून टाक, नको म्हणून.”

“त्याला सांगितलंच कुठं व्हतं,” लक्ष्मीबाई म्हणाली आणि शिडी उचलून आत घेऊन गेली.